जाम मिलमधला 'जाम' कोण?

सोलापुरात रिक्षावाल्याला 'जाम मिल' एवढंच सांगितलं तरी पुरतं, तो पुढचं काही विचारत नाही. पण या नावातला 'जाम' कोण, असं त्यालाच विचारून पाहा. मी एकदा विचारलं, तेव्हा एका तरुण रिक्षावाल्यानं सांगितलं, "चाचा, जुन्या मशिनी सारख्या जाम व्हायच्या, म्हणून जाम मिल!" उत्तर चुकीचं होतं, पण मिलच्या गावाला शोभणारं होतं.

श्रोतेहो, या मिलचं पूर्ण नाव होतं जाम श्री रणजितसिंहजी स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स. कंपनीची स्थापना १९०७ सालची. 'जाम' ही काठियावाडातल्या नवानगर, म्हणजे आजच्या जामनगर संस्थानच्या राजांची पदवी. आणि रणजितसिंहजी त्याच वर्षी, १९०७ च्या मार्चमध्ये, तिथल्या गादीवर बसले. हे तेच रणजी, ज्यांच्या नावानं १९३४ पासून रणजी करंडक खेळला जातो. म्हणजे त्या करंडकाच्या सत्तावीस वर्षं आधी आमच्या गावात त्यांच्या नावानं सूत निघायला सुरुवात झाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत मिलवॉकी नावाचं शहर आहे. बिअरसाठी प्रसिद्ध. तिथल्या बेसबॉल संघाचं नावच 'ब्रुअर्स', म्हणजे बिअर गाळणारे. तिथं गावच्या धंद्याचं नाव खेळाडूंनी घेतलं. आमच्याकडे उलटं झालं, खेळाडूचं नाव धंद्याला लागलं. अर्थात ते त्याच्या बॅटीमुळे लागलं असं नाही, गादीमुळे लागलं. पाटीवर बिरुद राजाचंच आहे.

तरी माझ्यासारखा क्रिकेटवेडा माणूस पाटीवर आधी बॅटच बघतो. रणजी केंब्रिजला शिकले, ससेक्सकडून खेळले. हिंदुस्थानचा कसोटी संघ तेव्हा नव्हताच, तो आला १९३२ मध्ये. त्यामुळे रणजी सगळ्या १५ कसोट्या इंग्लंडकडून खेळले. १८९६ साली मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४. पायांवर येणारा वेगवान चेंडू मनगटाच्या नुसत्या वळणानं मागे सोडून द्यायचा, तो लेग ग्लान्स त्यांनीच नावारूपाला आणला. ताकद सगळी गोलंदाजाची, धावा मात्र आपल्या. मला हा फटका नेहमी आमच्या मागवाल्यांसारखा वाटतो. तेही धोट्याशी झटापट करीत नाहीत, त्याला फक्त वाट दाखवतात.

आता काठियावाडचं नाव सोलापूरच्या मिलवर कसं, याचं नवल वाटून घेऊ नका. गावातली पहिली मोठी गिरणी, जिला आपण 'जुनी मिल' म्हणतो, ती १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढली. त्यांचं घराणं पोरबंदरकडचं. रेल्वे त्याआधीच आलेली होती, कापूस जवळ होता आणि विणणारे हात घरोघर होते. पद्मशाली होते, मोमीन होते. आमच्या घरातही माग होता.

पण या मिलमध्ये राबणाऱ्या माणसाला खेळायला वेळ कधी मिळत होता? १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाच्या कामाची मर्यादा ठरवली ती दिवसाला बारा तास! १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आली, म्हणजे एक तासाची मेहेरबानी झाली. लेग ग्लान्स घोटून बसवायला फुरसत लागते. ती राजपुत्राकडे होती. रणजितसिंहजींचं नाव असलेल्या मिलमधल्या माणसाला ती नव्हती.

आणि मग १९३० साल आलं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन हे कामगारांचे पुढारी. 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. बरोबर त्याच दिवसांत लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती, आणि तिथं संस्थानिकांच्या रांगेत नवानगरचे जामसाहेब बसले होते. काँग्रेसचं कुणी त्या परिषदेत नव्हतं. तिचे बहुतेक नेते तुरुंगात होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्यातला क्रिकेटवेडा गप्प होतो. अब्बा म्हणायचे, "बॅट निराळी, तख्त निराळं." अब्बांना मी उलट बोललो नाही, पण मला ते पुरतं पटलेलं नाही. नाबाद १५४ ची शान मी कमी करणार नाही. मात्र 'आपले रणजी' म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते. 'आपले कुर्बान हुसेन' म्हणताना अडखळत नाही.

आपले म्हणावेत असे क्रिकेटपटू आम्हाला मिळाले, तेही कापडामुळेच. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. पॉली शाळकरी असतानाच कुटुंब मुंबईला गेलं. म्हणजे धंद्यानं जो मुलगा इथं दिला, त्याला महानगरानं नेला. पुढे ते ५९ कसोटी सामने खेळले, १२ शतकं काढली. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या, ते भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला तर एकाच सामन्यात ५६, नाबाद १७२ आणि १०७ धावांत ५ बळी! संघ तरीही हरला, ही गोष्ट निराळी. आज क्रिकेट मंडळ वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय खेळाडूला त्यांच्या नावाचा पुरस्कार देतं. दूरचित्रवाणीवर तो सोहळा पाहताना "हे आपल्या सोलापूरचे बरं का" असं मी घरात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सगळे मान डोलावून विसरतात.

आमच्या गल्लीतलं क्रिकेटही कापडावरच पोसलं. मागावरची वाया गेलेली सुताची गुंडाळी घ्यायची, आत एक दगडाचा खडा, वरून चिंध्या आणि पुन्हा सूत घट्ट आवळायचं. असा चेंडू उसळायचा नाही, पण वळायचा मात्र फार. आम्ही सगळे फिरकी गोलंदाज झालो ते त्यामुळे. मिलचा भोंगा वाजला की डाव संपला, कारण मोठी माणसं गल्लीत परतायची. पंचाचा निर्णय एखादा मोडेल, भोंग्याचा कुणी मोडत नसे.

पुढे एकेक करून मिली बंद पडत गेल्या. भोंगे गेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेल परदेशी जाऊ लागले, यंत्रमाग राहिले. पण सबंध गावाला एका वेळी सुटी देणारा आवाज राहिला नाही.

२०२४ च्या जानेवारीत पार्क मैदानावर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी सामना झाला. महाराष्ट्र जिंकला. याच काळात आपल्या सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघात गेला. रणजी या नावाचा करंडक रणजींच्याच नावाची मिल असलेल्या गावात आला, हे सामन्याच्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं असेल की नाही, अल्ला जाणे. मिलच्या कंपनीनं तोवर आपलं नावही बदललं होतं. आता ती 'जामश्री रिअल्टी' आहे. 'जाम' राहिला, 'श्री' राहिली, रणजितसिंहजी तेवढे गळाले.