टरफले कोणी उचलायची?

टरफले म्हटली की मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही लोकमान्यांची गोष्ट आठवणारच. शेंगा खाल्ल्या दुसऱ्यांनी, मग टरफले छोट्या बाळने का उचलायची? ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. परवा ती पुन्हा आठवली, पण वेगळ्याच कारणाने. शेंगांच्या टरफलांनी पाण्यातले शिसे, तांबे, कॅडमियम असले जड धातू काढता येतात, असे वाचनात आले आणि मी त्यामागचा इतिहास धुंडाळत बसलो.

पाणी साफ करायला झाडाचा आधार घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच. गढूळ पाण्यावरच्या उपायांत सुश्रुतसंहितेने 'कतक' सांगितले आहे. कतक म्हणजे आपली निवळी. तिचे बी माठाला आतून घासायचे आणि मग पाणी भरायचे. गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो. वर्गात निवळी आणि तुरटी शिकवताना, पेल्यातून आरपार दिसले की पाणी शुद्ध, असे मी खुशाल सांगत असे. ते अर्धेच खरे होते. विरघळलेला धातू डोळ्यांना दिसत नाही आणि उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

याची किंमत जपानमधल्या जिंझू नदीकाठच्या लोकांनी मोजली. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यातले कॅडमियम नदीत आले, नदीतून भाताच्या खाचरांत आणि भातातून माणसांच्या पोटात. मूत्रपिंडे बिघडत, हाडे इतकी ठिसूळ होत की नुसत्या खोकल्यानेही मोडत. सर्वांत जास्त भोगले ते प्रौढ बायकांनी. रोगाचे नाव पडले 'इताई-इताई'. मराठीत सांगायचे तर 'आई गं, आई गं'! हा रोग खाणीतल्या कॅडमियममुळे होतो, हे जपान सरकारने मान्य केले ते १९६८ साली.

आता दैवगती पाहा. ज्या भाताने हे विष ताटात आणले, त्याच भाताचे तूस पाण्यातले कॅडमियम धरून ठेवू शकते. अर्थात दोन्ही क्रिया वेगळ्या. जिवंत रोप मुळांवाटे धातू शोषून घेते. तूस, टरफले, चिपाडे ही मेलेली. पण त्यांच्या तंतूंवर असे रासायनिक गट असतात की धन विद्युतभाराचे धातूचे कण त्यांना जाऊन चिकटतात. पाणी आम्लधर्मी असले तर मात्र ही पकड ढिली होते. म्हणूनच आम्लाने धुऊन धातू सोडवून घेता येतो आणि तोच माल पुन्हा वापरता येतो.

अमेरिकेच्या शेती खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात शेंगांची टरफले आणि सोयाबीनची साले यांच्यावर काम झाले. लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की त्यांची धातू धरण्याची ताकद वाढते, असे तिथे दिसले. २०११ साली ब्राझीलच्या संशोधकांनी केळीच्या सालींचा भुगा करून पाराना नदीच्या पाण्यातले शिसे आणि तांबे पकडून दाखवले. तोच भुगा ११ वेळा वापरता आला.

कोणी म्हणेल, भाताच्या तुसाचा फिल्टर आपल्याकडेही आला होता की! खरे आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात तुसाच्या राखेवर काम झाले आणि त्यातूनच २००९ साली 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. पण त्याचा रोख रोगजंतूंवर होता. जंतू मारता येतो, धातू मारता येत नाही. तो फक्त इथून तिथे हलवता येतो.

सगळी मेख इथेच आहे. टरफलाने शिसे धरले, पण ते शिसे आता टरफलात आहे. ते उकिरड्यावर टाकले तर पावसाबरोबर ओढ्यात जाणार. आम्लाने धुतले तर ते आम्ल विषारी. म्हणजे कोणीतरी ते शेवटपर्यंत सांभाळायला हवे. ते कोणी?

जिंझूकाठच्या रोग्यांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. १९७१ साली ते खाण कंपनीविरुद्ध जिंकले आणि १९७२ साली अपिलातही निकाल कायम राहिला. पुढे तिथली नासलेली शेतजमीन सुधारण्याचे काम २०१२पर्यंत चालले. नदीत विष सोडायला काही लागत नाही, काढायला पिढी जाते.

टरफलांचा शोध मोलाचा आहे. स्वस्त आहे, शेतकऱ्याच्या घरचा आहे. पण तो हाताशी आला म्हणून नदीकाठच्या बाईनेच केळीची साले वाळवून आपले पाणी गाळत बसावे, हे काही बरोबर नव्हे. शेंगा ज्यांनी खाल्ल्या, टरफले त्यांनीच उचलायची. बाळ टिळकांची गोष्ट मी इतकी वर्षे बाणेदारपणाची म्हणून सांगत आलो. ती न्यायाचीही आहे, हे मात्र आता कळते आहे.