आजारपण महाग कुठे होते? कर्जतच्या शेजारी सापडलेले एक उत्तर

१/ सरकारी आरोग्यव्यवस्थेचा खर्च का वाढतो? औषधे, यंत्रे, डॉक्टरांचे वेतन ही कारणे सर्वांना ठाऊक असतात. मात्र आजार कोणत्या टप्प्यावर ओळखला जातो आणि तो कोण ओळखतो, यावरही खर्च ठरतो. कर्जतला लागून असलेल्या जामखेड तालुक्याचा इतिहास हेच सांगतो. #थ्रेड

२/ १९४६ मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. प्रतिबंध आणि उपचार एकाच छताखाली, ही तिची मूळ कल्पना. पण दुष्काळी मुलखात डॉक्टर टिकेनात.

३/ १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. अतिसार, कुपोषण, असुरक्षित बाळंतपण हेच आजार पुन्हा पुन्हा समोर येत. रुग्णालयात बरे झालेले मूल घरी जाऊन तेच दूषित पाणी पीत असे. म्हणजे एकाच आजारावर दोनदा खर्च!

४/ म्हणून गावांत हातपंप आले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार होत नसत. तेव्हा गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. जलसंजीवनी, लसीकरण, गरोदरपणातील तपासणी ही कामे त्यांच्या हाती आली.

५/ प्रकल्पाच्या नोंदींनुसार दर हजार जन्मांमागे बालमृत्यू १९७१ मध्ये १७६ होते. १९७६ मध्ये ते ५२ वर आले.

६/ जगाने याची दखल घेतली. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेला केंद्रस्थानी आणले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ‘आशा’ स्वयंसेविका आल्या, त्याही याच विचाराच्या वाटेवरून.

७/ २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. हृदयविकार वा कर्करोग झालेल्या गरिबाला हा मोठाच आधार. परंतु विमा रुग्णालयाचे बिल भरतो. रुग्णांची संख्या तो घटवत नाही.

८/ या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. ‘आशा’ आजही कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’ म्हणवल्या जातात. त्यांना वेतन नाही, मोबदला मिळतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा त्यासाठीच संपावर गेल्या. दारापर्यंत येणारी सेवा स्वस्त पडते, याचे एक कारण तिचा भार गावातील स्त्रियांनी उचलला आहे.

९/ तेव्हा आरोग्याचा कोणताही अर्थसंकल्प वाचताना दोन प्रश्न विचारावेत : पैसा आजाराच्या आधी खर्च होतो की नंतर? आणि जी बचत दिसते, ती कोणाच्या श्रमातून झाली?