विरघळलेले धातू-आयन आणि सल्फाइड खनिजांचे फेनतरण

सल्फाइड धातुकाची भुकटी पाण्यात कालवून, खनिजाचा पृष्ठभाग जलविरोधी करणारा झँथेटसारखा संग्राहक मिसळून हवा सोडली, की जलविरोधी पृष्ठभागाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात येतात. कोणता कण वर येणार हे त्याच्या रासायनिक सूत्रावरून ठरते, असे सामान्यतः मानले जाते. ही समजूत अपुरी आहे. निर्णय पृष्ठभागावरच्या मोजक्या अणुथरांत होतो आणि ते थर पाण्यातले आयन बदलू शकतात. जस्ताचे खनिज स्फॅलेराइट हा याचा सर्वांत स्पष्ट पुरावा. झिंक झँथेट पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत संग्राहक स्फॅलेराइटवर टिकत नाही. पाण्यात तांब्याचे आयन आले, की चित्र पालटते. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार झिंक सल्फाइडच्या मानाने अब्जावधी पटींनी कमी आहे. म्हणून तांबे पृष्ठभागावरच्या जस्ताची जागा घेते, जस्त पाण्यात उतरते आणि त्या ताम्रमय पृष्ठभागावर झँथेट घट्ट बसते. जस्ताचे खनिज वर आणण्याच्या टप्प्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते यासाठीच.

हाच आयन नको त्या वेळी आला तर घात करतो. राजस्थानातील रामपुरा आगुचासारख्या शिसे-जस्ताच्या धातुकातून आधी शिशाचे गॅलेना काढतात आणि तोवर स्फॅलेराइट खाली रोखून धरावे लागते. पण धातुकात ऑक्सिडीभूत ताम्रखनिजे असली, तर दळतानाच तांबे पाण्यात उतरते. गॅलेनातून सुटणारे शिशाचे आयनही काही प्रमाणात स्फॅलेराइटवर तसेच बसतात. मग जस्त शिशाच्या फेसात शिरते. 1922 मध्ये अमेरिकेत शेरिडन व ग्रिस्वोल्ड यांनी आणलेली सायनाइड आणि झिंक सल्फेटची जोडी इथे उपयोगी पडते. सायनाइड तांब्याला विद्राव्य संयुगात बांधून ठेवते. आयन काढून घेताच खनिज पुन्हा खाली राहते, याहून थेट पुरावा कोणता हवा?

यावर एक आक्षेप असा, की चुन्याने सामू वाढवला म्हणजे तांबे हायड्रॉक्साइड होऊन अवक्षेपित होते, मग आयनांची चिंता कशाला? पण चुन्याने सामू 10च्या पुढे नेऊन पायराइट हे लोहाचे सल्फाइड दाबले जात असतानाच मोरचूद स्फॅलेराइटला वर आणतो, हे कारखान्यांत रोज घडते. अवक्षेप खनिजावर बसतो आणि तिथून हळूहळू तांबे देत राहतो, कारण सल्फाइडरूप त्याला अधिक स्थिर असते. शिवाय चुना स्वतः कॅल्शियम आयन आणतो आणि त्यांचा अतिरेक गॅलेनालाही दाबतो. दुसरा आक्षेप असा, की पाण्यातल्या आयनांचे प्रमाण फार अल्प असते. पृष्ठभागाचा एक थर झाकायला धातू फारसा लागत नाही, एवढे त्याचे उत्तर. बॉल मिलमधल्या पोलादी गोळ्यांचे लोखंडही हायड्रॉक्साइड होऊन कणांवर पसरते आणि तरण मंदावते.

वापरलेले पाणी पुन्हा फिरवले जाते तिथे हे आयन साचत जातात. पण ते कणांवरही बसलेले असतात, म्हणून केवळ पाण्याची चाचणी पुरेशी नाही. धातू-आयन बांधून घेणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणाने कणांवरचे ऑक्सिडीभूत शिसे, तांबे व लोह सोडवून मोजावे. मूळ सल्फाइड त्यात जवळजवळ विरघळत नाही.