जायरोट्रॉन : शक्ति आणि तिची वाट

सूर्याच्या गाभ्यांत अणुकेंद्रांचें जें मीलन चालतें, तें पृथ्वीवर घडवून आणावयाचें तर हायड्रोजनच्या जड प्रकारांचा वायु दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. असा वायु, म्हणजेच प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्रानें कोंडून ठेवितात. त्यांतून विजेचा प्रवाह सोडला तर तो तापतो खरा. पण जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युत्-विरोध घटतो, आणि ती उष्णता अपुरी पडते. मग बाहेरून ऊर्जा पोंचवावयाची कशी?

उपाय तत्त्वतः सोपा होता. चुंबकीय क्षेत्रांत इलेक्ट्रॉन ठराविक तालावर गिरक्या घेतात. त्याच तालाच्या लहरी सोडल्या कीं ते त्यांतील ऊर्जा शोषून घेतात. एक टेस्ला क्षेत्रांत हा ताल सेकंदास २,८०० कोटी आवर्तनांचा असतो. मोठ्या यंत्रांतील क्षेत्र याच्या कित्येक पट असतें; म्हणून लहर दोन-तीन मिलिमीटर लांबीचीच हवी. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या कामीं आलेला मॅग्नेट्रॉन येथें थिटा पडला. त्याच्या पोकळ्या लहरीच्याच मापाच्या. लहर आंखूड तर पोकळीहि चिमुकली, आणि तिला मोठ्या शक्तीची उष्णता सोसत नाहीं.

ही कोंडी फोडणारें तत्त्व १९५८-५९ च्या सुमारास ट्विस, श्नायडर आणि गापोनोव्ह यांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें ओळखलें. वेगवान इलेक्ट्रॉनाला ऊर्जा मिळाली कीं सापेक्षतावादाप्रमाणें त्याचें वस्तुमान किंचित् वाढतें आणि गिरकी मंदावते. ऊर्जा गेली कीं ती जलद होते. त्यामुळें प्रारंभीं विस्कळित असलेले इलेक्ट्रॉन लेझीमच्या पथकाप्रमाणें एका तालावर येतात आणि आपली ऊर्जा एकवटून लहरीला देतात. फरक नगण्य वाटावा असा. पण त्याच्याच बळावर लहरीहून कितीतरी मोठी पोकळी वापरतां आली. १९६४ सालीं गापोनोव्ह यांच्या सहकाऱ्यांनीं व्होल्गाकांठच्या गॉर्की शहरीं, म्हणजे आजच्या निझ्नी नोव्हगोरोद येथें, पहिला जायरोट्रॉन चालविला.

शक्ति निर्माण झाली. पण तिला वाट कोठली? नळींतील निर्वात न मोडतां लहर बाहेर पडावयाची ती खिडकींतून. प्रत्येक खिडकी लहरीचा थोडासा अंश शोषून तापे, आणि दहा लक्ष वॅटांच्या शक्तीपुढें कांहीं सेकंदांतच तडकण्याचा धोका उत्पन्न होई. १९९० नंतरच्या दशकांत कृत्रिम हिऱ्याच्या पातळ चकत्या बनूं लागल्या, तेव्हां हा अडसर दूर झाला. हिरा लहरीचा अगदीं अल्प अंश शोषतो, आणि उष्णता तांब्याहूनहि कितीतरी जलद वाहून नेतो.

जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथील व्हेंडेलश्टाइन यंत्राला असे जायरोट्रॉन लाविले आहेत. १५ फेब्रुवारी २०२३ रोजीं तेथें प्लाझ्मा सलग आठ मिनिटें टिकला. अणुमीलनापासून घरोघर वीज मिळण्यास अद्याप अवकाश आहे. तथापि वस्तुमानांतील एका सूक्ष्म फरकानें शक्ति जन्मास आली आणि हिऱ्याच्या पातळ चकतीनें तिला वाट दिली, एवढें या साठ वर्षांत निश्चित साधलें आहे.