रविवार आणि हौशी छायाचित्रकार

छायाचित्रणाची हौस आपल्याकडे कशी रुजली हे सांगताना जाणकार मंडळी कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो. आमचे लक्ष आधी घड्याळाकडे जाते. हौसेला पैसा लागतो हे खरेच, परंतु त्याआधी सवड लागते. शनिवार-रविवारी चार हौशी माणसे जमतात, आपापली चित्रे भिंतीवर लावतात, एकमेकांच्या चुका काढतात. यातला चित्रांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. रविवार कोठून आला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

1854 साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली, आणि त्याच वर्षी 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. गिरणी ताडदेवला 1856 मध्ये चालू झाली. सोसायटीत लष्करी व मुलकी अधिकारी होते, डॉक्टर होते, व्यापारी होते. आपल्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. हे कुटुंब मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. नारायण दाजी वैद्यकी करून छायाचित्रण करीत, आणि त्यांची चित्रे सोसायटीच्या प्रदर्शनांत मांडली गेली. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. तेथे शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी त्याचा व्यवसायच केला.

त्या काळची हौस किती कष्टाची होती, याची कल्पना आज येणार नाही. इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली जी रीत प्रसिद्ध केली, तीत काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि वाळण्यापूर्वी चित्र उठवून घ्यावयाचे. म्हणजे जेथे चित्र, तेथे काळोखाचा तंबू हवा, बाटल्या हव्यात, पाणी हवे. हे सारे डोक्यावरून वाहून नेणारी माणसे हौस करीत नव्हती. ती मजुरी करीत होती.

मग अशी माणसे चित्रात आली ती कशी? सोसायटीच्याच आश्रयाने 1856 ते 1858 या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी हौशी मंडळींसाठी चित्रांचा एक अल्बम दरमहा काढला. त्यात लेणी व इमारती होत्या, तशीच पश्चिम हिंदुस्थानातील जातिधंद्यांची माणसेही होती. चित्राखाली जात अथवा धंदा लिहावयाचा, नाव नाही. त्याच जॉन्सनने पुढे 1863 व 1866 मध्ये मुंबईतील रहिवाशांवर दोन खंड काढले. त्यांत एके ठिकाणी घेतलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यावर बसविली आहेत. माणूस एकीकडचा, जागा दुसरीकडची! सरकारने 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले, तेव्हा हीच दृष्टी सरकारी झाली. नारायण दाजींचे कसब आम्ही मानतो. पण ज्या चौकटीत त्यांची चित्रे बसली ती चौकट त्यांची नव्हती, असे आमचे मत आहे.

या हौशी मंडळांत सारे गोडीगुलाबीने चालले होते असेही कोणी समजू नये. कलकत्त्यात 1856 साली अशीच सोसायटी निघाली. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. 1857 साली टाऊन हॉलच्या सभेत ते निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध बोलले. निळीचा मळा आणि फोटोची काच यांचा संबंध काय? तरीही सोसायटीने त्यांना काढून टाकले.

आता रविवाराकडे वळू. गिरण्या वाढत गेल्या. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आणि आठवड्याची सुटी नाही. सोसायटी निघाली तेव्हा सहा वर्षांचे असलेले नारायण मेघाजी लोखंडे मोठेपणी 'दीनबंधू' चालवू लागले. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या व साडेपाच हजार सह्यांचा अर्ज पाठविला. पहिली मागणी रविवारची सुटी ही होती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यात आली.

सुटी मिळाल्याबरोबर कामगाराच्या हाती कॅमेरा आला, असे मुळीच नाही. अमेरिकेत कोडॅकचा सोपा कॅमेरा 1888 सालीच निघाला होता, पण आमच्या चाळीत तो कोठून येणार! जर्मनीतील कामगारांनी मात्र 1926 साली स्वतःच्या छायाचित्रकारांची संघटना बांधली. कारखान्यातील माणसे सुटीच्या दिवशी आपल्याच वस्त्यांची, आपल्याच संपांची चित्रे घेत आणि एकत्र बसून तपासत. 1933 मध्ये हिटलरच्या राजवटीत ती मोडून टाकण्यात आली. आपल्याकडे पुढे बडोद्यास तयार होणारा 'अॅग्फा क्लिक थ्री' सामान्य घरांत शिरला. एका रोलमध्ये बारा चित्रे. बारशाची चार, लग्नाची आठ, की रोल संपला! आज खिशातल्या फोनने तीही मर्यादा काढून टाकली आहे.

आमच्या अंथुर्ण्याच्या एका बाजूस वालचंदनगर, दुसऱ्या बाजूस भवानीनगर. कारखान्यातील कायम कामगाराला कायद्याने साप्ताहिक सुटी आहे. त्याच कारखान्यासाठी फडात ऊस तोडणाऱ्याला ती नाही. नवराबायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून. एक दिवस बसले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हौशी मंडळी रविवारी नीरेच्या डाव्या कालव्यावर येतात तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली बाई हमखास त्यांच्या चौकटीत येते. चित्र सुंदर असते. खाली लिहितात, 'ऊसतोड कामगार'. जॉन्सनच्या अल्बमात यापेक्षा निराळे काय होते?

निराळे करता येते. पी. साईनाथ यांनी कष्टकरी स्त्रियांची चित्रे शहरातील दालनांपुरती न ठेवता बसस्थानकांत आणि कारखान्यांत मांडली. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची चित्रे काढली. आपल्या तालुक्यातील हौशी मंडळींस आमचे एवढेच सांगणे की, चित्राखाली त्या बाईला विचारून तिचे नाव आणि गाव लिहावे, आणि प्रदर्शन एक संध्याकाळ कोप्यांजवळ भरवावे. वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत भरवून मात्र उपयोग नाही. तोपर्यंत कारखान्याचा पट्टा पडलेला असतो आणि गाड्या बीडच्या वाटेला लागलेल्या असतात. भरवावयाचे तर ते संक्रांतीच्या आसपास, आणि रात्री आठनंतर; त्याआधी फडावरून कोणी परतत नाही.