मार्टेनच्या नावाची बाई

इतिहासाच्या आजच्या गप्पांसाठी आम्ही तुम्हाला फार लांब नेणार आहोत, कॅनडाच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठी. तिथला हिवाळा सहा-सात महिन्यांचा. नद्या गोठून दगडासारख्या होतात. तिथली माणसं शिकार, मासळी आणि सापळे यांवर जगायची. सापळ्यांत सापडायचे ते विझल नावाचे चपळ प्राणी आणि त्यांचे भाऊबंद. त्यांच्या कातड्यांचा व्यापार शेकडो वर्षं चालला. तो कुणाच्या हातांवर उभा होता आणि वहीत नाव कुणाचं लागलं, हे आज सांगायचं आहे.

साल १६७०. आपल्याकडे तानाजी मालुसरे सिंहगडावर लढले, ते हेच साल. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स राजा होता. लग्नात पोर्तुगीजांकडून मिळालेली मुंबई त्यानं १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिली. वर्षाचं भाडं दहा पौंड. दोनच वर्षांनी त्यानं हडसन उपसागराभोवतीचा सगळा मुलूख दुसऱ्या एका कंपनीला देऊन टाकला. तिचं नाव हडसन्स बे कंपनी. हा मुलूख आजच्या भारतापेक्षा मोठा. मोबदला काय, तर राजा कधी तिकडे आला तर त्याला दोन सांबरासारखी जनावरं आणि दोन काळे बीव्हर द्यायचे. तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या क्री आणि डेने लोकांना कुणी विचारलं नाही.

सुरतेला इंग्रजांची वखार होती, तशाच वखारी या कंपनीनं नद्यांच्या मुखाशी बांधल्या. सगळ्यात मोठी यॉर्कची वखार. आदिवासी लोक तिथं कातडी आणायचे आणि बंदुका, पातेली, सुऱ्या, कांबळी न्यायचे. दर पैशांत नव्हता. बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी. त्याचं एक चांगलं कातडं म्हणजे एक माप. बाकी सगळं त्याच मापानं मोजायचं.

आता विझलची ओळख करून घेऊ. हा प्राणी लांबट अंगाचा, आखूड पायांचा. दिसायला मुंगसाची आठवण येते, पण मुंगूस त्याच्या नात्यातला नाही. त्याचं खरं भावंड आपल्या नद्यांमध्ये आहे, ते म्हणजे पाणमांजर. मासे धरणारं, पोरांना घेऊन कळपानं पोहणारं. उत्तरेकडच्या या प्राण्यांची फर हिवाळ्यात दाट होते, म्हणून सापळे हिवाळ्यातच लावायचे. विझलची एक जात हिवाळ्यात पांढरीशुभ्र होते, फक्त शेपटीचं टोक काळं राहतं. युरोपातल्या राजेलोकांच्या झग्यांवर पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतात ना, ती या शेपट्यांची टोकं. एका झग्याला अशी कितीतरी कातडी लागायची.

व्यापारात बीव्हरच्या खालोखाल मान होता मार्टेनला. तो मांजराएवढा, तपकिरी, झाडांवर पळणारा. त्याचा एक स्वभाव त्याला नडतो. त्याला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं असतं. सापळा लावणारी माणसं हे ओळखून होती. झाडाच्या बुंध्याशी काटक्यांचं छोटं खोपट करायचं, आत माशाचं डोकं ठेवायचं आणि दाराशी एक ओंडका बारीक काठीवर तोलून धरायचा. मार्टेन आत डोकावला, काठी हलली, की ओंडका खाली. लोखंडी सापळे नंतर आले. आधी सगळं लाकूड, तात आणि अक्कल यांवर चालायचं.

हे सापळे कोण लावायचं? मोठ्या जनावरांच्या मागे पुरुष दूर जायचे. मुक्कामाच्या आसपासचे फासे आणि छोटे सापळे बहुतेक बायका सांभाळायच्या. ससे त्याच धरायच्या, मार्टेनही त्याच धरायच्या. शिकार हुकली त्या दिवशी घरातल्या तोंडांत घास पडायचा तो बाईच्या फाशातल्या सशाचा. आपल्याकडे दुष्काळात रानभाजी आणि परसातली कोंबडी जे काम करते, तेच काम तिथं हा फासा करायचा.

या कामात एक वैरी होता. विझलच्याच कुळातला सगळ्यात दांडगा भाऊ, वुल्व्हरिन. दिसायला लहान अस्वलासारखा, वजन दहा-पंधरा किलो, पण ताकद आणि धीर अचाट. माणसानं बर्फातून चालत एकामागून एक सापळे लावले, की हा त्याच पायवाटेनं मागून यायचा. एका सापळ्यातलं आमिष खायचा, दुसऱ्यातला मार्टेन फाडून टाकायचा, तिसरा सापळा मोडून पुढे जायचा. हिवाळ्यासाठी ओंडक्यांखाली पुरून ठेवलेलं मांसही उकरून काढायचा. उभ्या पिकात रानडुकरं शिरल्यावर सकाळी शेताची जी दशा दिसते, ती डोळ्यांपुढे आणा. कित्येकदा सापळ्यांची ती वाट सोडून दुसरीकडे जावं लागे.

पण याच वैऱ्याच्या कातड्यातला एक गुण बायकांनी ओळखला होता. कडाक्याच्या थंडीत तोंडातली वाफ टोपीच्या काठावर गोठते आणि बर्फाचे खडे गालाला लागतात. वुल्व्हरिनच्या केसांवर हा बर्फ धरून राहत नाही, हातानं झटकला की पडतो. म्हणून आणखी उत्तरेच्या इनुइट बायका अंगरख्याच्या टोपीला तोंडाभोवती वुल्व्हरिनची पट्टी शिवायच्या. कुठलं कातडं कुठं लावायचं, ही विद्या सुई धरणाऱ्या हातांची होती.

आता एका बाईची गोष्ट. ती डेने जमातीची होती. १७१३ मध्ये क्री लोकांनी तिला पकडून दासी केलं. कंपनीच्या बंदुका क्रींना आधी मिळाल्या होत्या, त्यामुळे डेने लोक मार खात होते. पुढच्या वर्षी शरद ऋतूत ती आणखी एका बाईला घेऊन पळाली. माणसांपर्यंत पोचायचं तर थंडी डोक्यावर. फाशात सापडेल त्यावर दोघी जगत होत्या. सोबतीण वाटेतच गेली. ही मात्र कंपनीच्या शिकाऱ्यांच्या हाती लागली आणि यॉर्कच्या वखारीत आली.

वखारीचा प्रमुख होता जेम्स नाइट. त्याला डेने लोकांशी व्यापार हवा होता, पण क्रींच्या भीतीनं ते वखारीकडे फिरकत नव्हते. या बाईनं मध्यस्थी पत्करली. जून १७१५ मध्ये ती, कंपनीचा विल्यम स्टुअर्ट नावाचा माणूस आणि सुमारे दीडशे क्री लोक निघाले. वाटेत हिवाळा गाठला, अन्न संपलं, आजार आला, बरेच लोक मागे फिरले. उरलेल्यांना पुढे नऊ डेने लोकांची प्रेतं दिसली. दुसऱ्या एका क्री टोळीनं त्यांना मारलं होतं. आता डेने सूड घेतील म्हणून सोबतचे घाबरले. बाईनं त्यांना सांगितलं, दहा दिवस इथंच थांबा. आणि ती एकटी बर्फातून आपल्या माणसांकडे गेली. आवाज बसेपर्यंत बोलून त्यांना पटवलं. दहाव्या दिवशी शंभराहून जास्त डेने माणसांना घेऊन ती परत आली. दोन जमातींत समेट झाला.

१७१६ च्या मे महिन्यात सगळे यॉर्कला पोचले. त्या वर्षभरात कातडी कशी राखायची, कशी साफ करायची, कुठला माल वखारीत चालेल, हे तिनं आपल्या लोकांना शिकवलं. एकानं खराब कातडी आणली तेव्हा तिनं त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. पुढे ती आजारी पडली आणि ५ फेब्रुवारी १७१७ रोजी वारली. नाइटला फार वाईट वाटलं, तसं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं. त्याच वर्षी डेने लोकांच्या व्यापारासाठी चर्चिल इथं नवी वखार झाली.

पण सख्यांनो, नाइटच्या रोजनिशीत तिचं नाव नाही. जिनं दोन जमाती जोडल्या, तिच्यासाठी तिथं शब्द आहे ‘गुलाम बाई’. तिचं नाव तिच्याच लोकांनी जपलं, तोंडी गोष्टींतून, आजीकडून नातीकडे. ते नाव थानाडेल्थुर. पहिला भाग डेने भाषेत मार्टेनचा, आणि अर्थ सांगतात तो मार्टेनच्या झटकन हलण्याचा, उडी घेण्याचा. ज्या प्राण्याच्या कातड्यासाठी वखार उभी होती, त्याच प्राण्याचं नाव त्या बाईचं होतं आणि वखारीच्या वहीला ते ठाऊक नव्हतं.

सापळ्यातून कातडं निघालं, की खरं काम पुढे असायचं. मार्टेन, पाणमांजर, विझल यांचं कातडं पायमोजा उलटा काढावा तसं अखंड सोलायचं, फळीवर ताणायचं, आतली चरबी खरवडायची. हात जरा जोरात लागला की भोक, आणि भोक पडलं की भाव गेला. हे काम बायकांचं. बर्फावर चालायला लाकडी चौकटीत तातीची जाळी विणलेली मोठी पायताणं लागतात. ती नसली तर माणूस कमरेएवढ्या बर्फात रुततो. ही जाळी बायका विणायच्या. मऊ चामड्याचे जोडे त्याच शिवायच्या.

लंडनच्या मालकांना वखारीत बायका नको होत्या, त्यांना खायला घालायचा खर्च दिसत होता. शेवटी १८०२ मध्ये यॉर्कच्या अधिकाऱ्यांनी मालकांना पत्र लिहून कळवलं, की ओली आणि बिघडलेली बीव्हरची, पाणमांजराची कातडी या बायकाच साफ करून टिकवतात, बर्फातली पायताणं आणि जोडे त्याच करतात, त्यांच्याशिवाय आपली माणसं दुसऱ्या व्यापाऱ्यांपुढे टिकणार नाहीत, तेव्हा त्यांना कंपनीच्या नोकरांसारखंच मानावं. एकशे बत्तीस वर्षांनी का होईना, कागदावर एवढं तरी आलं.

या बायकांतल्या अनेकींनी गोऱ्या व्यापाऱ्यांशी आपल्या रिवाजानं लग्नं केली होती. पुढे काही व्यापाऱ्यांनी त्यांना सोडून गोऱ्या बायका केल्या. अशीच एक क्री बाई, सुझान. कागदोपत्री तिचं आडनाव ‘पा द नों’ असं लागलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘नाव नाही’. १८०३ मध्ये तिचं लग्न विल्यम कॉनॉली या फर-व्यापाऱ्याशी झालं. जवळजवळ तीस वर्षांचा संसार आणि सहा मुलं झाल्यावर १८३२ मध्ये त्यानं मॉन्ट्रियलमध्ये दुसरं लग्न केलं. ती १८६२ मध्ये एका मठात वारली. तिच्या मुलानं कोर्टात दावा लावला. १८६७ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की क्री रिवाजानं झालेलं लग्न कायद्यानं खरं आहे आणि मिळकतीत तिचा हक्क होता. वरच्या कोर्टानंही तो कायम केला. हे ऐकायला सुझान नव्हती.

आता यातली मेख बघा. कंपनीच्या वह्या ढिसाळ नव्हत्या. दर साली कुठल्या वखारीत किती कातडी आली, ते इतकं नेटकं लिहिलेलं आहे, की विसाव्या शतकात चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं त्या वह्यांवरून लिंक्स नावाच्या रानमांजराची संख्या साधारण दर दहा वर्षांनी कशी वाढते आणि घटते, ते शोधून काढलं. म्हणजे रानातलं जनावर मोजता येईल इतकी वही चोख. ते कातडं खरवडणाऱ्या बाईचा हिशेब मात्र त्या वहीत नाही. मोजायचं कुणाला, हे वही धरणारा ठरवत होता.

मार्टेनच्या रानात आपण कधी जाणार नाही. आपल्याकडे पाणमांजराला धरणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. पण वही आपल्या ओळखीची आहे. बचत गटाची वही आपणच लिहितो. तिच्यात हप्ता, व्याज, कर्ज सगळं येतं. खुरपणीचे दिवस, गोठ्यातले तास, बियाणं निवडून राखण्याचं काम, बाळंतपणाला धावून गेलेल्या रात्री यांना तिच्यात रकाना नाही. सातबाऱ्यावर किती जणींचं नाव आहे, ते तुम्ही आम्हाला सांगायची गरज नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन कामं करू. आपल्या वाडीतल्या एका थोरल्या बाईचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, तिनं आयुष्यभर केलेल्या कामासकट गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू. आणि जिच्या घरच्या जमिनीवर तिचं नाव नाही, तिनं तलाठ्याकडे जायचं ठरवलं तर तिच्यासोबत कोण जाईल, ते तिथंच ठरवू. थानाडेल्थुरचं नाव तिच्या लोकांनी तोंडी तीनशे वर्षं राखलं. आपल्या हातात तर पेन आहे.