माथेरानची गाडी कोणी आणली?

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेची सहल माथेरानला गेली होती. नेरळला छोट्या गाडीत बसताना सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, ही गाडी इंग्रजांनी बांधली ना?"

"नाही बेटा, मुंबईच्या एका मुसलमान घराण्याने," मी म्हटलं. पोरं माझ्याकडे बघतच राहिली. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर बी.एड. होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि माथेरान साहेबलोकांचं थंड हवेचं ठिकाण झालं. ठाकर, कातकरी, धनगर त्या रानात राहत होतेच. मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी होती. पुढे घोडा, पालखी, नाहीतर पायपीट.

सर आदमजी पीरभाई 1846 मध्ये काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा समाजातले. गरीब घरचा हा पोरगा मुंबईत आला, फेरीवाल्याचं काम केलं आणि पुढे फौजेला तंबू पुरवणारा मोठा कंत्राटदार झाला. माथेरानला रेल्वे न्यायची हे त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मनावर घेतलं. पैसा वडिलांनी लावला. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च सुमारे 16 लाख रुपये, तोही त्या काळातले!

रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट. डोंगरात अरुंद रूळ का, हे मी मुलांना खिडकीतूनच दाखवलं. गाडी लहान असली की ती अगदी आवळ वळणावरही फिरते, त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागतो. म्हणूनच सुमारे 20 किलोमीटरच्या वाटेवर बोगदा एकच आहे. काही ठिकाणी दर वीस फुटांना एक फूट चढ आहे. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांचे आसही वळणावर थोडे सरकतील असे बनवलेले होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच 1907 च्या डिसेंबरात सर आदमजी कराचीला मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. काही जण हे सांगून त्यांचं सगळं काम पुसतात, तर आपल्यातले काही जण हे गाळून त्यांचं कौतुक करतात. मला दोन्ही पटत नाही. माणूस अख्खा वाचावा. शिवाय पैसा पीरभाईंचा असला तरी खडक फोडणारे हात कोणाचे होते? त्यांची नावं आज आपल्या तोंडी नाहीत. "आपल्या माणसाने बांधली" म्हणून छाती फुगवताना त्या मजुरांनाही आपलं म्हणायला हवं.

26 जुलै 2005 च्या पावसाने हा मार्ग उद्ध्वस्त केला. 2007 मध्ये, शंभर वर्षं पूर्ण होताना, गाडी पुन्हा सुरू झाली. पुढेही तिला पावसाने अनेकदा अडवलं.

परतताना त्याच मुलाने वहीत पीरभाईंचं नाव उर्दूत लिहिलं आणि विचारलं, "टीचर, मराठीत कसं लिहायचं?" मी लिहून दिलं. तुम्ही माथेरानला गेलात तर तुमच्या मुलांनाही ते नाव सांगा. मुलं हिंदूंची असोत की मुसलमानांची, डोंगर चढवणारी गाडी एकच आहे.